एक तलाव, चार जाळी आणि हरवलेल्या बोटुकल्या

पार्श्वभूमी

लातूर-नांदेडच्या मधल्या पट्ट्यातला एक लघु पाटबंधारे तलाव. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही आणि मला तिथं परत जायचंय. तलाव ७२ च्या दुष्काळानंतर झाला असं गावात सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांसारखाच आहे, भिंतीजवळ खोल आणि बाकी सगळा ताटासारखा पसरट. भरल्यावर लांबून समुद्र वाटतो, पण आत चालत गेलं तर निम्म्याहून जास्त भागात पाणी छातीच्या वर जात नाही.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, वाळूक, टरबूज, कुठं ज्वारी. पाऊस झाला की तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते, धसकटं, वेडी बाभूळ, बेशरमची झुडपं सगळं घेऊन. वरच्या अंगाला जिथं ओढा येऊन मिळतो तिथं हायड्रिला आणि पाणकणसाचं रान झालंय. गावात त्या सगळ्याला सरसकट शेवाळच म्हणतात. तलाव एकच असला तरी माशांच्या दृष्टीनं तिथं चार वेगवेगळी घरं आहेत: उघडा चिखलाचा काठ, बुडालेली झुडपं, शेवाळ आणि भिंतीकडचं खुलं पाणी. पुढचा सगळा गोंधळ ह्या चार घरांमुळंच झाला.

तलावाचा ठेका भोई समाजाच्या एका मच्छीमार संस्थेकडं आहे. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचं मत्स्यबीज, सोडायची, वर्षभर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावायची, आठवडी बाजारात माल विकायचा. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. संस्थेच्या अध्यक्षांचा पोरगा आमच्याकडं एमएस्सीला होता, त्यामुळं ओळख.

अडचण काय होती

एक दिवस अध्यक्ष पोराला घेऊन डिपार्टमेंटला आले. म्हणाले, सर, दोन वर्षं झाली बीज सोडू लालोत आणि माल निघंना. बीज गेलं कुठं तेवढं सांगा. त्यांचा संशय बीज पुरवणाऱ्यावर होता, की मोजणीतच मारलं, पिशवीत सांगितल्यापेक्षा कमी टाकलं. पुरवणाऱ्याचं म्हणणं असं, की बीज बरोबर होतं पण तुमच्या तलावात मरळ आणि चिलापी माजलीय, तीच खाऊन टाकते. संस्थेतल्या चार जणांचं तिसरंच, रात्री कुणीतरी येऊन बारीक जाळं मारतं.

म्हणजे प्रश्न साधा दिसत होता: सोडलेलं बीज आज तलावात आहे का, आणि त्याच्यासोबत दुसरं काय काय आहे. मी लगेच हो म्हणलो. जाळं लावू, मासे मोजू, सांगू, दोन महिन्यांचं काम! झाले आठ.

आमच्यापुढचे पर्याय

पहिला पर्याय फुकटातला, संस्थेचीच जाळी वापरायची आणि रोजचा माल बघायचा. दुसरा म्हणजे बारीक घरांचं ओढजाळं घेऊन काठाकाठानं ओढायचं. फेकजाळं तिसरं, गावात दोन जण ते अप्रतिम टाकतात. चौथा पर्याय पिंजरा जाळ्याचा, कड्यांवर ताणलेलं लांब बोगद्यासारखं जाळं, तोंडाशी दोन पंख आणि आत नरसाळं, मासा आत शिरतो पण बाहेरचा रस्ता त्याला सापडत नाही. पाचवा पर्याय एका म्हाताऱ्या मामांनी सुचवला आणि तेव्हा आम्ही हसलो: कामून एवढा खटाटोप, मे महिना येऊ द्या, पाणी डबक्याएवढं राहिलं की सगळंच दिसतंय.

मामांचं म्हणणं हसण्यासारखं नव्हतं हे नंतर कळलं. पण अध्यक्षांना उत्तर लवकर पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर मला मे महिन्यापर्यंत थांबायचं नव्हतं. ऑक्टोबर चालू होता, तलाव भरलेला होता, विद्यार्थी उत्साहात होते.

पहिल्या दोन चुका

पहिली फेरी आम्ही फुकटातल्या पर्यायानं केली. तीन आठवडे संस्थेच्या गिल जाळ्यांत आलेला मासा मोजला. सगळा मोठा, पण मोजका. कटला, थोडा रोहू, बाकी शिंगट. बोटुकलीच्या आकाराचं काहीच नाही. माझ्या विद्यार्थ्यानं वहीत लिहिलंसुद्धा, लहान मासे आढळले नाहीत, बीज जगलेलं दिसत नाही. हे वाक्य अध्यक्षांपर्यंत पोचलं आणि पुरवणाऱ्याला फोनवर काय काय बोलणं झालं ते इथं लिहिता येत नाही.

आता ह्यात गंमत अशी, की गिल जाळं म्हणजे चाळणीच्या उलट्या स्वभावाची वस्तू. चाळणीत मोठं अडकतं आणि बारीक खाली पडतं. गिल जाळ्यात बारीक मासा घरातून आरपार निघून जातो, फार मोठा मासा डोकंच आत घालू शकत नाही, आणि मधल्याच एका मापाचा मासा कल्ल्यामागं फसतो. एका आसाच्या जाळ्याला एक लांबी सगळ्यात मानवते, तिच्यापेक्षा वीसेक टक्के लहान किंवा मोठा मासा त्यात क्वचितच येतो. (आस म्हणजे जाळ्याचं एक घर.) संस्थेची जाळी किलोच्या वरच्या माशासाठी विणलेली. त्यात बोटुकली शोधणं म्हणजे भाकरीच्या टोपल्यात मीठ शोधणं. आणि ही जाळी लागायची कुठं, तर भिंतीकडच्या खुल्या पाण्यात, जिथं बोटुकली जायची शक्यता सगळ्यात कमी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वर्गात शिकवतो मी हे. तरी पण झालं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. युरोपात तलावांच्या पाहणीसाठी एक ठरलेलं गिल जाळं वापरतात, ३० मीटर लांब, दीड मीटर उंच, त्यात अडीच-अडीच मीटरचे १२ तुकडे, आस ५ पासून ५५ मिलिमीटरपर्यंत, प्रत्येक आस आधीच्यापेक्षा साधारण सव्वापट. कल्पना छान आहे, एकाच जाळ्यात लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना जागा. बारा तुकडे आपल्याला परवडणार नव्हते, म्हणून मी सहा ठरवले: १२, १६, २०, ३०, ४० आणि ५५. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालं नाही, बाहेरून मागवलं, ओवायला भोई गल्लीत दिलं.

नोव्हेंबरात लावलं. पकड भरपूर, पण सगळी बारीक! अळकूट, चिलापीची पिल्लं, वितीपेक्षा लहान शिंगट. ५५ च्या तुकड्यातसुद्धा मोठं काही नाही. आता आमचा निष्कर्ष बरोबर उलटा झाला, तलावात मोठा मासाच नाही. महिन्याभरापूर्वी म्हणत होतो लहान नाही.

मामा काठावर बसून जाळं सोडवत होते. त्यांनी ५५ च्या तुकड्याच्या एका घरात बोटं घातली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आवं सर, हे पंचावन्न म्हणता व्हय? ह्यात माझी तीनच बोटं जाऊ लालेत."

मी पट्टी काढली. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत साडेसत्तावीस मिलिमीटर. युरोपातलं माप गाठ ते गाठ असतं, म्हणजे घराची एक बाजू. विकणाऱ्यानं दिलं होतं ते ताणलेलं माप, म्हणजे घर लांबवून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर, जे बरोबर दुप्पट येतं. त्यामुळं माझं १२ प्रत्यक्षात ६ होतं, ४० प्रत्यक्षात २०. विकणाऱ्याची काही चूक नाही, बाजारात तो ताणलेलंच माप सांगतो, सगळे तसंच मागतात. ऑर्डर देताना "गाठ ते गाठ" हे तीन शब्द मी लिहिले नाहीत. त्या तीन शब्दांची किंमत कॉलेजच्या फंडातून गेली, पुढचं तुम्ही समजून घ्या.

मग काय केलं

डिसेंबरात सगळे बसलो, संस्थेचे पाच जण, माझे तीन विद्यार्थी आणि मामा. इथंच खरा निर्णय झाला. आत्तापर्यंत आम्ही "कोणतं जाळं चांगलं" असं विचारत होतो. मामा म्हणाले, जाळ्याला काय इचारता, जागेला इचारा. मग ठरलं, की चारही जाळी चारही जागी लावून बघायची, जिथं लागतच नाही तिथं लागत नाही असं स्पष्ट लिहायचं, आणि कोणत्या जागी कोणतं जाळं काय लपवतं ते आधी शोधायचं. तलावाचं उत्तर नंतर.

गिल जाळं नव्यानं ओवलं, ह्या वेळी माप नीट घेऊन. दुसरा बदल वेळेचा. थंड देशातल्या पद्धतीत ते रात्रभर, बारा तास पाण्यात राहतं. आपल्याकडं तसं केलं तर सकाळपर्यंत निम्मा मासा मऊ पडतो, खेकडे पोट फोडतात, आणि जाळंच जाग्यावर राहील ह्याची खात्री कोण देणार? म्हणून संध्याकाळी साडेपाचला लावायचं, रात्री साडेनऊला काढायचं. कातरवेळ हाच माशांच्या हालचालीचा मोठा वेळ, त्यामुळं फार काही हुकत नाही. शिवाय जाळं एकदा भरलं की पुढं नवीन मासा कमीच लागतो, बारा तासांत चार तासांच्या तिप्पट पकड येईल असं कधीच नसतं. मेलेला मासा वजन-लांबी घेऊन संस्थेला परत, ह्यावर पहिल्याच दिवशी बोलणं झालं होतं, ते बरं झालं.

ओढजाळं पंधरा मीटरचं, बारीक घराचं. पहिल्याच ओढीत कळलं की आपल्या काळ्या मातीत पुस्तकातलं ओढजाळं चालत नाही. खालची शिशाची दोरी गाळात रुतते, जाळ्यात चार घमेली चिखल येतो आणि दोघं ओढणारे गुडघ्यापर्यंत फसून एकमेकांना शिव्या देतात. मामांनी शिसं काढायला लावलं आणि त्याजागी जुन्या दोरांची मनगटाएवढी जाड वेणी बांधली. ती गाळावरून सरकते, रुतत नाही. मत्स्यशेतीच्या तळ्यांत हीच युक्ती वापरतात हे मी नंतर वाचलं, मामांनी वाचलेलं नव्हतं.

ह्या जाळ्यानं किती मासे पकडले ह्यापेक्षा किती सोडले हे बघायचं होतं. त्यासाठी काठाचा एक तुकडा तिन्ही बाजूंनी दुसऱ्या जाळ्यानं अडवला. आत शेपटीचा कोपरा किंचित कापलेल्या ५० बोटुकल्या सोडल्या, तासभर थांबलो आणि ओढजाळं ओढलं. उघड्या काठावर पाचातल्या तीन-चार परत आल्या. शेवाळात तेच केलं तर परत आलेल्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या. शेवाळाच्या गादीवरून जाळ्याची खालची कड वर उचलली जाते आणि मासा तिच्याखालून आरामात निघून जातो. म्हणजे दोन्हीकडं ओढजाळ्यात दहा-दहा मासे आले तर दोन्हीकडं सारखेच मासे आहेत असं म्हणायची सोय नाही.

खुणेचे मासे नसतील तर आणखी एक रस्ता आहे, अडवलेल्या जागेत लागोपाठ दोनदा ओढायचं. समजा पहिल्यांदा ६० आले, दुसऱ्यांदा ३०. पहिल्या आकड्याचा वर्ग करून त्याला दोन्हींच्या फरकानं भागा, ३६०० भागिले ३०, म्हणजे आत साधारण १२० असावेत. कागदावर झकास. पण दुसऱ्या ओढीतही मासा तितक्याच सहज सापडतो असं ह्यात धरलंय, आणि चिलापी ते मान्य करत नाही. ती पहिल्या ओढीतच शहाणी होते. चिलापीचे नर उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे करतात घरटं म्हणून, आणि जाळं आलं की मासा त्या खड्ड्यात चपटा होऊन बसतो, जाळं वरून निघून जातं. एका विद्यार्थिनीचा पाय ओढ संपल्यावर अशाच खड्ड्यात पडला, पायाखाली काहीतरी वळवळलं, ती किंचाळली, आणि तिनं वाकून चांगली वीतभर चिलापी हातानं काढली. जाळ्यात त्या ओढीला एकही चिलापी नव्हती.

दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा ओढून बघितलं. रात्री काठाला मासा कितीतरी जास्त. अंधारात लहान मासा उथळ पाण्यात सरकतो, आणि जाळं त्याला दिसतही नाही. इथं गढूळपणाचाही हात आहे, पावसाळ्यानंतर आपल्या तलावांत काळी-पांढरी थाळी दोरीनं सोडली तर हातभर खाली गेल्यावरच दिसेनाशी होते. तसं पाणी गिल जाळ्याच्या पथ्यावर पडतं. जानेवारीत पाणी निवळलं तसं दिवसाची गिल जाळ्याची पकड घसरली. मासे तेवढेच असतील, पण आता त्यांना जाळं दिसत होतं.

फेकजाळ्याबद्दल थोडक्यात. पटकन होतं, मासा मरत नाही, उघड्या कमरेएवढ्या पाण्यात उत्तम. पण टाकणारा बदलला की आकडा बदलतो. संस्थेतला एक जण टाकतो तेव्हा पूर्ण गोल पडतं, दुसऱ्याचं केळ्यासारखं. झुडपात तर टाकायचंच नाही, बाभळीच्या काट्यातून सोडवायला अर्धा दिवस गेला आणि जाळ्यालाही भोक पडलं. हे जाळं आम्ही तुलनेतून काढलं नाही पण माणूस एकच ठेवला.

पिंजरा जाळ्याची गोष्ट वेगळी. ते झुडपात आणि शेवाळाच्या कडेला लागतं, जिथं बाकी कशाचंच चालत नाही, ही त्याची खरी किंमत. पण पहिल्या रात्री आम्ही ते पूर्ण बुडवून ठेवलं. सकाळी उचललं तर आत दोन विरोळे (पाणसाप) मेलेले आणि एक कासव, जिवंत पण मान टाकलेलं. काठावर उताणं-पालथं करत बसलो, अर्ध्या तासानं चाललं एकदाचं. मऊ पाठीचं ते कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलं असतं तर कायद्याचं बाजूला, मला स्वतःलाच झोप लागली नसती. त्या दिवसापासून शेवटच्या पिशवीत तेलाचा रिकामा कॅन अडकवला, म्हणजे टोक पाण्यावर तरंगतं आणि आत श्वासापुरती हवा राहते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, ह्यात नवीन शिकण्यासारखं काही नव्हतं.

काय निघालं

सगळ्यात आधी एका गोष्टीचा नाद सोडला, ती म्हणजे चारही जाळ्यांचे आकडे एका तक्त्यात बसवून एक नंबर काढणं. विद्यार्थ्यांना ते फार हवं होतं. पण ओढजाळ्याचा हिशोब किती चौरस मीटर ओढलं त्यावर, गिल जाळ्याचा जाळ्याच्या क्षेत्रफळावर आणि तासांवर, पिंजऱ्याचा रात्रींवर, फेकजाळ्याचा फेकींवर. ओढजाळं माशाच्या मागं जातं, गिल जाळं आणि पिंजरा माशाची वाट बघतात. वाट बघणाऱ्या जाळ्यात मासे किती आहेत त्यासोबत मासे किती फिरतात हेही येतं. ह्यांची बेरीज कशी करणार? प्रत्येक जाळ्याचा हिशोब आम्ही वेगळाच ठेवला, आणि जागा-जागांची तुलना फक्त त्याच जाळ्याच्या आत केली. एकत्र फक्त दोनच गोष्टी ठेवल्या, कोणत्या जाती सापडल्या आणि कोणत्या लांबीचे मासे सापडले.

लांबीचं चित्र मात्र फार बोलकं निघालं. ओढजाळ्यात बोटभर-वीतभर मासा, गिल जाळ्यात प्रत्येक तुकड्याचा आपला एक ढीग, पिंजऱ्यात सगळ्या मापाचा थोडा थोडा. आणि बोटुकली सापडली! रोहू आणि मृगळची, शेवाळाच्या कडेला पिंजऱ्यात आणि रात्रीच्या ओढजाळ्यात. बीज "जगलेलं दिसत नाही" हे आमचं ऑक्टोबरातलं वाक्य चुकीचं होतं, आणि ते मी अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा आला, चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, मग त्या माणसाला फोन करावा लागंल.

पण ती बोटुकली त्या महिन्याला जेवढी असायला पाहिजे त्याहून बारीक होती, आणि तिच्यासोबत चिलापीची पिल्लं ढिगानं. चिलापी १९५२ ला भारतात आणली गेली, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं जगतात फार आणि उथळ तलावात खाणाऱ्यांची तोंडं वाढत जातात. खरं कारण उपासमारीच्या जवळचं असावं असा माझा अंदाज. मोजणीत कुणी मारलं का, ह्याचं उत्तर मात्र आमचं कोणतंच जाळं देऊ शकत नव्हतं, आणि ते मी तसंच सांगितलं. सप्टेंबरात पिशवीत किती होतं हे जानेवारीत तलावाला विचारून कळत नाही.

मग पुढचा पेच. संस्था म्हणाली चिलापी काढू, बारीक आसाचं गिल जाळं घेऊ. घेतलं असतं तर चिलापीसोबत रोहूची बोटुकलीही मेली असती. इथं तुकड्यांच्या जाळ्याचा हिशोब कामाला आला. चिलापी उंच अंगाची, रोहू लांबोडा, त्यामुळं एकाच आसात रोहू लांब असावा लागतो तेव्हा फसतो आणि चिलापी आखूड असली तरी फसते. शिंगट तर काट्यानंच अडकतं, त्याला आसाचं काही घेणं नाही. मग चिलापीची विकता येईल अशी लांबी धरली, त्या लांबीला जो आस मानवतो तो घेतला, आणि त्यात रोहू कोणत्या लांबीचा येईल ते आमच्या वहीत बघितलं. त्या वर्षीच्या बोटुकलीपेक्षा तो बराच मोठा निघत होता. त्या मापाचं जाळं फक्त घरट्यांच्या खड्ड्यांच्या पट्ट्यात, संध्याकाळी चार तास, असं ठरलं. दोन जणांनी विरोध केला, मोठ्या आसात माल कमी येईल म्हणून. विरोध खोटा नव्हता, माल कमीच आला सुरुवातीला.

मे महिना

पाणी उतरत गेलं, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीजवळ एक डबकं राहिलं. संस्थेनं मोठं जाळं घालून दोन दिवसांत सगळं काढलं. आम्ही वजनकाटा घेऊन उन्हात बसलो होतो. आता खरा हिशोब समोर येणार होता, परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटत होतं.

चिलापी आमच्या कोणत्याही जाळ्यानं सांगितली होती त्यापेक्षा जास्त निघाली. रोहू-मृगळ पिंजऱ्यानं दाखवलं होतं त्याच्या जवळपास, गिल जाळ्यानं दाखवलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. इथपर्यंत ठीक. पण मरळ! सहा महिन्यांत चारही जाळ्यांत मिळून आम्हाला दोन मरळ मिळाल्या होत्या, दोन्ही पिंजऱ्यात, आणि मी अहवालात लिहिलं होतं की मरळीचं प्रमाण नगण्य. डबक्याचं पाणी गुडघ्याखाली आल्यावर मामा आणि त्यांचा पुतण्या चिखलात उतरले, हात कोपरापर्यंत गाळात घातले आणि एकामागं एक मरळ बाहेर काढायला लागले. मरळ हवेतून श्वास घेते, पाणी आटलं तरी ओल्या गाळात तग धरते, आणि एरवी झुडपाच्या बुडाशी दबा धरून बसते, फिरतच नाही. जी फिरत नाही ती वाट बघणाऱ्या जाळ्यात येणार कशी, आणि ओढजाळं तर त्या झुडपात जातच नव्हतं.

म्हणजे पुरवणाऱ्याचं मरळीबद्दलचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. हेही सांगायला अध्यक्षांच्या घरी जावं लागलं. दुसऱ्यांदा.

आज करायचं झालं तर

जाळं विकत घेण्याआधी हातात पट्टी घेईन, आणि ऑर्डरवर "गाठ ते गाठ" मोठ्या अक्षरात. खुणेच्या माशांची चाचणी पहिल्या आठवड्यात करीन, डिसेंबरात नाही, कारण जाळं कुठं किती खोटं बोलतं हे माहीत असतं तर ऑक्टोबरातलं ते वाक्य वहीत आलंच नसतं. अर्धवट आकडे संस्थेत जाऊ देणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या एका ओळीमुळं एका माणसाला शिव्या खाव्या लागल्या, आणि तो विद्यार्थी तर अध्यक्षांचाच पोरगा, घरी वही उघडीच पडलेली असायची.

झुडपांसाठी वेगळा विचार करीन. गळ लावून बघायला हवा होता, जिवंत आमिष लावून, मरळ त्याला येते हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मला विचारायचं सुचलं नाही कारण माझ्या डोक्यात "जाळ्यांची तुलना" बसलेली होती, आणि गळ म्हणजे जाळं नाही ना.

मामांचा मे महिन्याचा पर्याय मी आता पहिल्या क्रमांकावर ठेवीन, एकटा नाही, पण ठरवून. जो तलाव दरवर्षी आटतो तिथं वर्षातून एकदा उत्तरपत्रिका आपोआप उघडी पडते, बाकीचे आठ महिने जाळ्यांनी अंदाज करायचे आणि मेमध्ये ते तपासायचे. आटत नाही अशा तलावात ही सोय नाही, तिथं हे सगळं आणखी अवघड.

पुढच्या सप्टेंबरात बीज आलं तेव्हा संस्थेनं पिशव्या तशाच ओतल्या नाहीत. चहाच्या गाळणीनं एक माप काढलं, परातीत ओतून एकेक मोजलं, असं पाच वेळा, सरासरी काढली आणि मग तेवढी मापं मोजत बोटुकली सोडली. पुरवणारा स्वतः आला होता. परात त्याच्याच गाडीतली होती. मामा शेजारी उकिडवे बसून मोठ्यानं मोजत होते, आणि मधेच कुणी बोललं की पुन्हा एकपासून सुरू करत होते.